न ऐकलेला निरोप

तिला सगळे सरकाबाई म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. एरवी रुग्णवाहिका कुठेही थांबली आणि माणसं गोळा झाली, की मागचं दार उघडायच्या आधीच तिचा आवाज बाहेर यायचा, "सरका, सरका! पेशंटला हवा लागू द्या. तुमची हवा तुम्ही घरी जाऊन खा!" माणसं हसत हसत बाजूला व्हायची. रागावून कुणी होत नसे, आणि हसत झाली म्हणजे वाट लवकर मोकळी होते, हे तिला ठाऊक होतं.

उंचीनं ती बेताची, पण खांद्यानं रुंद. पेशंटला हात लावायच्या आधी त्याच्याशी नातं जोडायची. म्हातारा असेल तर बाबा, तिच्या वयाची असेल तर ताई, आडदांड दारुडा असला तरी दादा. "बाबा, आता मी तुमच्या काखेत हात घालणार आहे हं. गुदगुल्या झाल्या तर नंतर भांडा, आत्ता नको." असं म्हणेपर्यंत बाबा उचललेलेसुद्धा असायचे.

गाडीवर दोघंच. ती आणि ड्रायव्हर, ज्याला ती दादा म्हणायची. दादा तिच्यापेक्षा वयानं मोठा, देहानं दांडगा, आणि स्वभावानं लोण्याचा गोळा. गुडघा मात्र कामातून गेलेला. त्यामुळे झालं काय, की जिथे जिना अरुंद असेल आणि स्ट्रेचर वळत नसेल, तिथे पेशंटला पट्टे बांधून खुर्चीतून उतरवताना खालची बाजू नेहमी तीच घ्यायची. खालची बाजू जड. सगळा भार अंगावर येतो, आणि पेशंटचं तोंड बरोबर आपल्या तोंडासमोर असतं. तो कण्हला तर आपल्या कानात, खोकला तर आपल्या तोंडावर. मास्क असायचा, नाही असं नाही. पण दोन्ही हात खुर्चीला गुंतलेले असताना घामानं मास्क खाली घसरला, तर तो वर ओढायला देवानं तिसरा हात दिलेला नाही.

"ताई, आज मी घेतो खालची," दादा अधूनमधून म्हणायचा.

"घ्या की. मग तुम्हाला न्यायला दुसरी गाडी बोलावते."

असं चालायचं त्यांचं.

आता त्या दोघांचा एक नियम होता, तो सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. नियम असा, की पेशंटला दवाखान्याच्या दारात सोडलं, की त्याची पुन्हा चौकशी करायची नाही. जगला का, गेला का, काय निघालं, काही विचारायचं नाही. हा नियम तिनंच घातला होता, आणि तो दादासाठी घातला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी एका तरुण शिक्षिकेला पोचवलं होतं. वाटेत ती दादाशी गप्पा मारत होती, बरी झाल्यावर गाडीत बसून चहा पिऊ म्हणत होती. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं की ती गेली. आणि त्याच दुपारी, मागे दुसरा पेशंट असताना, त्याच्या हातून गाडी दवाखान्याच्या फाटकाला घासली. पेशंटला खरचटलंही नाही, पण दादाचे हात थरथरायचे थांबेनात. त्या दिवशी सरकाबाईनं फाटकाजवळ उभं राहूनच सांगून टाकलं, "दादा, दारापर्यंत आपलं. दाराच्या आत डॉक्टरांचं आणि देवाचं. दोघांच्या कामात आपण नाक खुपसायचं नाही."

ती देवभोळी नव्हती, पण देवाचं माणूस होती. गाडीत चढताना एकदा डोळे मिटायची, उतरताना एकदा. बास. मागणं काय असायचं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

नियम चांगलाच होता. दादा सावरला. हळूहळू इतर गाड्यांवरच्या माणसांनीही तो उचलला. दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत टेबलाशी बसणाऱ्या सिस्टरला मात्र तो जड जाऊ लागला. कारण कायदा असा होता, की रुग्णवाहिकेतून आणलेल्या माणसाला एकापासून दुसऱ्याला लागणारा आजार निघाला, तर त्याला आणणाऱ्यांना दवाखान्यानं कळवायचं, म्हणजे त्यांना वेळेवर तपासून घेता येईल. सिस्टर कायद्याला धरून चालणारी. ती फोन करायची.

"सरकाबाई, परवा तुम्ही ते गृहस्थ आणलेत ना, त्यांच्याबद्दल जरा..."

"सिस्टर, नको."

"अहो, पूर्ण ऐका तरी. सांगायचा नियम आहे."

"तुमचा सांगायचा, आमचा न ऐकायचा. तुम्ही सांगितलंत असं धरा, मी ऐकलं असं धरते. जेवलात का?"

सिस्टर हसायची, सुस्कारा टाकायची आणि फोन ठेवायची. दिवसभर त्या टेबलाशी माणसांची रीघ लागलेली असे. एका हट्टी बाईशी वाद घालत बसायला तिलाही फुरसत नव्हती.

पुढे सरकाबाईला खोकला लागला. आधी तिनं तो उन्हावर ढकलला, मग पंख्यावर. वजन उतरलं तेव्हा खूश झाली. संध्याकाळी अंग तापायचं. सासूबाईंनी एकदा तिच्या पाठीवर हात ठेवला आणि उचललाच नाही. म्हणाल्या, "दुनियेला दवाखान्यात नेतेस, स्वतः कधी जाणार? खांद्यावर न्यायची वेळ आल्यावर?"

तपासणीत टीबी निघाला. फुफ्फुसाचा.

डॉक्टर औषधांचं सांगत होते, आणि तिच्या मनात एकच नाव होतं, दादाचं. बंद गाडीत दिवस दिवस तिच्या शेजारी बसलेला तो. तिनं त्याला तिथूनच फोन केला आणि तपासून घ्यायला लावलं. त्याचा निकाल हाती येईपर्यंत ती घरात कुणाशी धड बोलली नाही. दादा स्वच्छ निघाला. घरचेही सगळे स्वच्छ निघाले. तेव्हा कुठे ती मागच्या खोलीत जाऊन रडली.

ती मागची खोली मग बरेच दिवस तिची झाली. एक खिडकी, एक खाट, खाटेखाली गोळ्यांचा डबा. नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. कामावरून आला की उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून बसायचा आणि दिवसभरात कुणाचं काय उलटं बांधलं गेलं ते सांगायचा. सासूबाईंनी तिचं पातेलं वेगळं केलं, तिच्याशी बोलणं मात्र वेगळं केलं नाही. शेजारच्या एका बाईनं नाकाला पदर लावून "आता कसं करायचं हो?" असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कसं म्हणजे? तुमचे यजमान चक्कर येऊन पडले, तेव्हा हिनं नाकाला पदर लावला होता का?"

औषधं लागू पडली. तिच्यापासून आता कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि नेमकं तेव्हाच रुग्णवाहिकेचं खातं आडवं आलं.

एवढे दिवस घरी राहिलेल्या माणसाला गाडीवर परत घेता येत नाही, असा खात्याचा नियम होता. फक्त एकाच गोष्टीत सूट होती. आजार कामातून लागला असेल तर जागा राखून ठेवायची. खात्याचं म्हणणं, टीबी काय, कुठेही लागतो. बाजारात लागतो, बसमध्ये लागतो, घरात लागतो. हिला कामावरच लागला कशावरून? गाडीवरची जागा गेली, म्हणजे तिला एखाद्या कार्यालयात टपाल सांभाळायला बसवणार होते.

नवरा म्हणाला, "बस की सावलीत. पुष्कळ जिने उतरलीस."

"टपालाला कधी दम लागतो का?" ती म्हणाली. "मला ज्याला दम लागतो त्याच्याजवळ बसता येतं. दुसरं काय येतं मला?"

नवरा दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर युनियनच्या वकिलांकडे गेला.

वकील तरुण होते, हुशार होते. त्यांनी कायदा समजावून सांगितला. "आग विझवणारे, पोलीस, तुमच्यासारखे गाडीवरचे, यांना असा आजार झाला तर तो कामातूनच झाला असं कायदा धरून चालतो. तसं नाही, हे दाखवायचं ओझं खात्यावर. तुमच्यावर नाही."

"मग सोपं आहे."

"एवढं सोपं असतं तर मी दुसरा धंदा केला असता. एक अट आहे. तसल्या आजाराच्या एका तरी पेशंटला तुम्ही कामावर असताना हात लावलाय, एवढं आधी आपण दाखवायचं. कुणाला आणलं होतं तुम्ही टीबीचं?"

खोकणारी माणसं तिनं किती आणली असतील! पण त्यातल्या कुणाला काय निघालं, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचंच नाही, हे तर तिनं स्वतः ठरवलेलं.

तिनं वकिलांना नियमाचं सगळं सांगितलं. सिस्टरच्या फोनचंही. वकिलांनी डोक्याला हात लावला.

"हे बाहेर कुठे बोलू नका. कायद्यानं दिलेली ढाल तुम्ही स्वतःच्या हातानं परत केलीत, असं म्हणतील ते. आपण एवढंच म्हणायचं, की दवाखान्याकडून आम्हाला काहीही कळलं नाही. खोटं आहे का? कळलं होतं का तुम्हाला?"

"कळलं नव्हतं," ती म्हणाली.

"झालं तर! चूक दवाखान्याची. ती तुमच्या माथी मारता येणार नाही."

खोटं नव्हतंच ते. घरी येईपर्यंत ती स्वतःला हेच सांगत होती. पण चूक दवाखान्याची म्हणजे कुणाची? दवाखाना काही टेबलाशी बसून फोन करत नाही. फोन सिस्टर करायची. कळवलं नाही म्हटलं, की चौकशी तिची लागणार. जी बाई पुन्हा पुन्हा फोन करत होती, आणि जिला हिनं "जेवलात का" म्हणून वाटेला लावलं होतं, तिची.

तिनं हे सासूबाईंच्या कानावर घातलं. सासूबाई धान्य निवडत होत्या. सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, "अर्धं खरं म्हणजे काय अर्धी बादली पाणी आहे, की तेवढ्यावर भागवू?"

"पण जागा जाईल, आई."

"जाईल कदाचित. मग मी तुला टपालात बसलेली बघेन, आणि रोज टोमणे मारीन. पण त्या पोरीची नोकरी खाऊन तू गाडीवर चढलीस, तर मला टोमणा मारायचीसुद्धा लाज वाटेल."

त्या दिवशी सरकाबाई खिडकीशी हात जोडून जरा जास्त वेळ बसली. उठली तेव्हा तिचं ठरलं होतं.

सुनावणीची खोली लहान होती. उंच छताला पंखा, झाकण ठेवलेले पाण्याचे ग्लास, आणि पाठ टेकली की करकरणारी बाकं. सुनावणी घेणारे साहेब वयस्कर होते. त्यांना सर्दी झाली होती. पहिल्याच मिनिटाला शिंकले आणि रुमालाआडून म्हणाले, "हे घरून आणलंय. कामावरचं नाही. लिहून घेऊ नका." सगळे हसले. सरकाबाईला तेवढ्यानं जरा धीर आला.

खात्याच्या वकिलांनी घरापासून सुरुवात केली. "यांच्या सासूबाई कित्येक वर्षं खोकतात, असं शेजारी सांगतात."

मागच्या बाकावरून करकर आवाज आला. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "माझा खोकला माझ्या लग्नाच्या आधीचा आहे, साहेब. त्यानं नवऱ्याला काही केलं नाही, पाच दिरांना काही केलं नाही. सून तर परवा आली."

"आजी, तुमची तपासणी झाली आहे का?" साहेबांनी विचारलं.

"झाली ना. छातीचा फोटो काढला. दमा आहे म्हणे, बाकी स्वच्छ. फोटो आणलाय, लावता का भिंतीला?"

साहेबांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, डॉक्टरांचा दाखला वाचला आणि मान हलवली. घरातून आजार आला, ही गोष्ट तिथे संपली.

मग खात्याचे वकील सरकाबाईकडे वळले. "बाई, कायदा तुमच्या बाजूनं धरायला तयार आहे. पण कुठला पेशंट? कधीचा? काही सांगाल?"

युनियनच्या वकिलांनी तिच्याकडे पाहिलं. ती उभी राहिली. नुकतीच आजारातून उठलेली, ब्लाउज खांद्यावर सैल झालेला.

"मला ठाऊक नाही, साहेब."

"दवाखान्यानं कळवलं नाही?"

तिनं एक श्वास घेतला. "कळवत होते. सिस्टर फोन करायच्या. मीच म्हणायची, नका सांगू. पेशंटचं पुढे काय झालं ते ऐकायचं नाही, असा आमचा नियम आहे. माझाच आहे. ऐकलं की हात थरथरतात, आणि थरथरत्या हातानं दुसरा पेशंट उचलता येत नाही. सिस्टरांची चूक नाही. त्यांनी सांगायचं सोडलं नाही, मी ऐकायचं टाळलं."

युनियनच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. खात्याच्या वकिलांचा चेहरा मात्र उजळला. "साहेब, याहून अधिक मी काय बोलू? कायद्यानं यांच्या दारात निरोप पाठवला. एकदा नाही, अनेकदा. यांनी तो नाकारला. आता त्याच कायद्याची सावली मागतात!"

साहेबांनी नाक पुसलं, रुमालाची घडी घातली. "वकीलसाहेब, तुमचं म्हणणं, यांनी निरोप नाकारला."

"अगदी बरोबर."

"निरोपच आला नसता, तर त्यांनी नाकारलं काय असतं?"

खात्याचे वकील हातातले कागद चाळू लागले.

"दवाखाना काही सगळ्याच पेशंटांचा निरोप धाडत नाही," साहेब म्हणाले. "लागणारा आजार निघाला तरच धाडतो. म्हणजे फोन आला, याचा अर्थ तसला पेशंट यांच्या हातून गेला होता. तो कुठल्या आजाराचा होता, ते फोन करणारीलाच विचारू. बाहेर आहेत का त्या?"

सिस्टर बाहेरच होती. दवाखान्याला साक्षीचं बोलावणं होतं, म्हणून गणवेशातच आली होती, कामावरून मधूनच. खात्याच्या वकिलांनी पेशंटचं नाव विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाव मी देणार नाही. ते त्या माणसाचं आहे. आजार सांगते. फुफ्फुसाचा टीबी. चौथ्या मजल्यावरून खुर्चीतून उतरवलेले गृहस्थ. मी तेव्हा फोन केला, आणि या मला म्हणाल्या, जेवलात का?" मग ती सरकाबाईकडे वळली. "मी ओरडून सांगायला हवं होतं. फोन ठेवायला नको होता."

"मी बोलू दिलं असतं तर ना!" सरकाबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

"बाई, तुमची पाळी झाली," साहेब म्हणाले, पण रागानं नाही.

चौथा मजला. तिला तो जिना आठवला, कठड्याला ओला रंग होता. दादा वर, ती खाली. ते गृहस्थ खोकून खोकून तिची माफी मागत होते, आणि ती म्हणत होती, "खोका बाबा, खुशाल खोका, आत ठेवून काय व्याज मिळणार आहे?"

निकाल त्याच आठवड्यात आला. आजार कामातून लागला असं धरायचं. तसं नाही, हे खातं दाखवू शकलेलं नाही. जागा राखून ठेवायची. युनियनच्या वकिलांनी तो मोठ्यानं वाचला आणि खाली मान घालून म्हणाले, "माझं ऐकलं असतंत, तर फोन आलाच नाही असं ठरलं असतं. आणि फोन नाही तर पेशंटही नाही. हरलो असतो आपण."

पण निकालात आणखी एक परिच्छेद होता, तो तिनं त्यांना दोनदा वाचायला लावला. त्यात लिहिलं होतं, की हा निरोप ऐकण्याचा हक्क एकट्या बाईचा नव्हता. त्याच गाडीत चालक होता, पुढचा पेशंट होता, घरी कुटुंब होतं. त्यांच्या वतीनं "नको" म्हणायचा अधिकार तिला कुणी दिला नव्हता. यापुढे आजार तेवढा कळवावा आणि तो ऐकून घ्यावाच लागेल. पेशंट जगला की गेला हे मात्र कुणी कुणाला सांगू नये. साहेबांनी तिचा नियम अर्धा ठेवला होता आणि अर्धा मोडला होता.

"बोलले मला," ती म्हणाली.

"मनाला लावून घेऊ नका," वकील म्हणाले.

"लावून घेणारच. दादाला काही झालं असतं तर मी कुठल्या तोंडानं देवापुढे उभी राहिले असते? बरं झालं लिहिलं ते."

जिंकून घरी आलेल्या माणसाचं तोंड असं नसतं, असं नवरा म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती गाड्यांच्या तळावर गेली आणि तो परिच्छेद तिनं सगळ्यांना स्वतः वाचून दाखवला. चूक कुणी केली होती तेही सांगितलं. कुणाला वाईट वाटू नये म्हणून एक शब्दही गाळला नाही. असं करणारी माणसं थोडी असतात.

कामावर रुजू व्हायच्या सकाळी तिच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरली. खिडक्या उघडल्या, माणसं गॅलरीत आली. ती नाकाला पदर लावणारी शेजारीण जिन्यावरून हाका मारायला लागली, "कोण पडलं? कुणाला झालं?"

दादा उतरला, लंगडत दारापर्यंत आला. "कुणालाही काही झालेलं नाही. आमचं माणूस न्यायला आलोय."

"दादा, हे काय? सरकारी गाडी घरी आणलीत?" सरकाबाई आतून ओरडली.

"तळावर जायच्या वाटेवर आहे तुमचं घर."

"उलट्या दिशेला आहे!"

"मग आज मी वाट चुकलो."

सासूबाई डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी दादाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गुडघा कसा आहे तुझा?"

"ऑपरेशनला तारीख दिलीय, आजी. ताई आजारी पडल्यावर घेतली. खालची बाजू आता आलटून पालटून."

"इतकी वर्षं का नाही घेतलीस?"

सासूबाईंनी डबा त्याच्याच हातात दिला. "दोघांचं आहे. हिला पुढे बसव. खिडकी उघडी ठेव. आणि कुणी फोन केला तर हिच्या कानाला लावून ठेव, हातात देऊ नको. मधेच ठेवून देते."

सगळी गल्ली हसली. शेजारीणही हसली, आणि जरा थांबून पुढे आली. सरकाबाईचा हात धरून म्हणाली, "जपून हं." नाकाला पदर नव्हता.

सरकाबाई पायरीवर चढली, डोळे मिटून क्षणभर थांबली, आणि पुढच्या जागेवर बसली. गाडी अजून वळलीही नव्हती, तोवर तळावरून बोलावणं आलं. शाळेच्या मागच्या बाजूला, तिसरा मजला, एक आजोबा, श्वास लागलाय.

"जिना कसा आहे?" तिनं विचारलं, आणि मास्कच्या नाड्या घट्ट बांधायला घेतल्या.